शहरात राहून मी गोंड उरलो का?

जय सेवा दादा,

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते, कुठं चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही किनवट तालुक्यातले गोंड, आडनाव मेश्राम, वय ३६. आश्रमशाळा, मग नांदेडचं वसतिगृह, डिप्लोमा आणि आता वाळूजला एका कंपनीत कायम नोकरी. बजाजनगरात भाड्यानं राहता. बायको पांढरकवड्याकडची, लेक नऊ वर्षांची. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ बसवलं होतं. अंगाला प्लास्टिकची पानं, तोंडाला काळा रंग, हातात भाला आणि ‘झिंगालाला’ असला आरडाओरडा. पोरगी खुशीत नाचत होती, तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्या रात्रीपासून तुमची झोप उडाली. कंपनीत सगळे तुम्हाला नागपूरकडचे बौद्ध समजतात. तुम्ही त्यावर ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. गावाकडं गेलं की भाऊ ‘आले शहरवाले’ म्हणतो. गोंडी कानाला कळते, जिभेवर येत नाही. लेकीला तर कळतही नाही. शेवटी तीन प्रश्न आहेत: मी गोंड उरलो का, लेकीला काय सांगू, आणि हा काही मनाचा आजार आहे का?

मी स्वतः आंध, कळमनुरी तालुक्यातली. बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होते, आता संभाजीनगरातच समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडं येणाऱ्यांत किनवट-माहूरचे गोंड, कोलाम, परधान, हिंगोलीकडचे आंध, कन्नड-सोयगावचे भिल्ल असे बरेच असतात. जे सांगते ते या लोकांसोबत बसून पाहिलेलं आहे. गोंडांचे विधी मात्र मी बाहेरून ओळखते. तिथं तुमच्या घराण्यातल्या जाणत्यांचा शब्द माझ्या शब्दाच्या वरचा समजा.

तुमच्या मजकुरात सगळ्यांत आखूड वाक्य वडिलांबद्दलचं आहे. ‘बाबा दोन वर्षांपूर्वी गेले.’ बस, एवढंच. त्याच्या आधी मात्र तुम्ही सहज लिहून गेलात की बाबा दर साली केसलापूरच्या नागोबाच्या, म्हणजे तुमच्या घराण्याच्या देवाच्या, जत्रेला जायचे आणि तुमच्या लग्नापासून ‘सुनेची भेट राहिली रे’ असं म्हणायचे, पण तुमची रजा कधी जुळली नाही. मला तुमचं दुखणं तिथं दिसतं. गॅदरिंगच्या रात्री झोप उडाली हे खरंच. पण लेकीच्या तोंडावरचा तो रंग बघताना तुमच्या मनात बहुधा हेच आलं असणार की हिला खरं काय ते दाखवायला आता बाबा नाहीत, आणि मला येत नाही. तुम्ही याला ओळख हरवणं म्हणताय. मला यात वडिलांचं दुःख दिसतं, जे नोकरीच्या धावपळीत करायचं राहून गेलं, आणि त्यांनी सांगितलेलं एक काम, तेही राहून गेलं. काम अजून करता येण्यासारखं आहे.

‘मी उरलो का’ या प्रश्नाकडं आता येते. अस्खलित गोंडी किंवा कोलामी बोलणारी माणसं शहरात पार एकटी पडलेली मी पाहिली आहेत. चार वाक्यंही धड न येणारी माणसं समाजाशी घट्ट बांधलेली पाहिली आहेत. आमच्या आंधांचंच घ्या, आमची बोली मराठीच, तरी आम्ही आंध आहोत यात कुणाला शंका येत नाही. भाषा, नाच, दागिने, देव हे सगळं मोलाचं आहेच, पण माणूस आतून सावरलेला राहतो तो आणखी एका गोष्टीमुळं: समाजात त्याच्या नावावर एखादं काम आहे का? ‘हे त्याच्याकडं आहे, तो करील’ असं मागं कुणी म्हणतं का?

एक उदाहरण देते. किनवटकडच्या एका कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा मुलगा, इथं कॉलेजला. कोलामी त्याची आईची भाषा, रोज फोनवर तीच बोलायचा. तरी वर्गात मान खाली, जेवण कमी, परीक्षेला दांडी. पुढं प्रधानमंत्री जनमन योजना आली. ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी सुरू झाली. पोडावरचे लोक घराचे अर्ज, आधारमधली नावाची चूक, जातीचे दाखले यासाठी याला फोन करू लागले. म्हाताऱ्यांचे कागद व्हॉट्सअॅपवर यायचे आणि हा रात्री बसून भरायचा. काही महिन्यांत मुलगा बदलला. खोलीत तोच, वर्गात तोच, टोमणे मारणारेही तेच. पण सुट्टीत गेला की आता लोक चावडीवर त्याला बसायला जागा करून देतात. मी त्याला औषध सुचवलं नव्हतं आणि समुपदेशनही फारसं केलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं निरीक्षण नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या दोघांनी तिथल्या मूळनिवासी समूहांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला. तो १९९८ मध्ये छापून आला. काही समूहांत आत्महत्या भयंकर प्रमाणात होत्या, तर काहींत जवळजवळ नव्हत्याच. ज्या समूहांनी जमिनीचा हक्क, शाळा, आरोग्यसेवा, स्वतःचा कारभार, सांस्कृतिक केंद्र अशी कामं स्वतःच्या हातात घेतली होती, तिथली तरुण पोरं जगत होती. किती जणांना भाषा येते किंवा किती जण नाचतात यावर तो अभ्यास उभा नव्हता. समाज आपलं काम आपण करतो का, हे त्यांनी पाहिलं. आपली परिस्थिती वेगळी आहे हे मान्य, पण मी इथं जे बघते त्याच्याशी हे जुळतं.

आता एक कायद्याची बाजू, कारण ‘उरलो का’ हा प्रश्न आपल्या पोरांना बऱ्याचदा पहिल्यांदा विचारते ती जात पडताळणी समिती. तुमचे देव कोणते, लग्नात काय करता, बोली कुठली? वैधता प्रमाणपत्राच्या फॉर्मसाठी म्हणून कितीतरी मुलं पहिल्यांदा बापाजवळ बसून आपलं सगा म्हणजे कुळगट, आपले देव विचारतात. त्यामुळं संस्कृती म्हणजे परीक्षेत द्यायचं उत्तर, आणि उत्तर आलं नाही तर आपण खोटे, अशी भीती मनात घर करते. ही भीती तुमच्याही लिहिण्यात आहे. तर ऐका: सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की देव, चालीरीती, बोली विचारणारी ही आप्तभाव चाचणी म्हणजे जमात ठरवायची एकमेव कसोटी नव्हे. स्थलांतर आणि आधुनिक राहणी यांमुळं जुन्या चालीरीती पुसट होऊ शकतात, हेही न्यायालयानं त्याआधीच्या निकालात मान्य केलं होतं. म्हणजे कायदाही बजाजनगरात राहणाऱ्या माणसाला तू नाचतोस का, असं विचारून बाद करत नाही. तुम्ही स्वतःला त्याहून कडक परीक्षेला बसवू नका.

आता केसलापूर. तुम्हाला हे माहीत आहे, पण इथं वाचणाऱ्या इतर मराठवाडेकरांना नसेल. तेलंगणात आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूर आहे. तिथला नागोबा हे मेश्राम घराण्याचं दैवत. पौष अमावस्येला तिथं जत्रा भरते. आज ते परराज्य वाटतं, पण किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत रेघ मधून गेली, सोयरीक मात्र दोन्हीकडं राहिली. जत्रेआधी घराण्यातली माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. पूजेची मडकी ठरलेल्या कुंभारांकडूनच येतात. घराण्यात आलेल्या नव्या सुना पांढऱ्या साड्या नेसून देवाला आणि वडीलधाऱ्यांना भेटतात. त्यानंतर त्यांना घराण्याच्या पूजेत भाग मिळतो. लेकी-जावयांकडं वारुळाच्या मातीचं काम असतं. परधान गायक मेश्राम घराण्याची कथा गातात. गेलेल्या माणसांसाठीचे विधीही याच दिवसांत होतात. यात नुसतं बघायला आलेला असा घरचा कुणीच नाही. सुनेला काम, लेकीला काम, जावयाला काम.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: या पौष अमावस्येला तिघंही जा. अमावस्या जानेवारीत किंवा फेब्रुवारीत येते, कालनिर्णयात तारीख बघा आणि रजेचा अर्ज आत्ताच टाका. नंदीग्राम गाडी संभाजीनगरहून किनवटवरून आदिलाबादलाच जाते. सुनेची भेट राहिली आहे, ती या साली व्हायची आहे, हे काकांना किंवा चुलत्यांपैकी जो जाणता असेल त्याला आधी फोन करून सांगा. वडिलांच्या नावानं काय करायचं राहिलं असेल तर तेही विचारा. इतक्या वर्षांनी भेट घेता येते का, त्यासाठी काय करावं लागतं, हे घराण्यातली माणसं ठरवतील, मी नाही. पण फोन उचलून ‘बाबांचं राहिलंय, मला करायचंय’ एवढं म्हणणं तुमच्या हातात आहे. माझ्या अनुभवानं सांगते, अशा फोनला समोरून टोमणा क्वचित येतो. बहुतेक वेळा समोरच्याचाच गळा दाटतो.

तुमच्या भावाचं जरा वेगळं आहे. तुम्ही एका ओळीत लिहिलंय की वडिलांच्या मागं सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायची आहे. मग ‘आले शहरवाले’ या शब्दांत तुमच्या बुटाचा किंवा बोलण्याचा भाग थोडाच असेल. वावर तो कसतो, आईचं दुखणंखुपणं तो बघतो, आणि तुम्ही आलात की हा हिस्सा मागायला आला का, ही धास्ती त्याला असणार. मी एक पथ्य सांगते: जमिनीचं बोलणं आणि सणाचं जाणं एका फेरीत करू नका. वारस नोंद कायद्यानं व्हायचीच आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढा, तलाठ्याकडं दोघं भाऊ मिळून जा, आईचं आणि बहिणींचं नावही लागेल याची काळजी घ्या. ‘नाव लागलं तरी कसणारा तूच’ हे मनात असेल तर आधीच बोलून टाका, आणि नसेल तर खोटं बोलू नका. दिवाळीत दंडारीला, म्हणजे गोंडांच्या दिवाळीतल्या नाचाला जाल तेव्हा हा विषय काढायचा नाही. दंडारीचं पथक दुसऱ्या गावाला पाहुणं जातं, तिथं तेलमीठ, तांदूळ, गाडीभाडं लागतं. त्यातला एखादा खर्च दर साली तुमच्याकडं घ्या, आणि पैसे पाठवून मोकळे न होता पथकासोबत एका गावाला जाऊन या. दंडारीतल्या घुसाडी नाचणाऱ्याच्या मोरपिसांच्या टोपाशेजारी तुमची लेक उभी राहिली की तिला शाळेतली प्लास्टिकची पानं आपोआप कळतील.

भाषेबद्दल तुम्ही फार अपराधी वाटून घेतलंय. आश्रमशाळेत गोंडी बोललं की मास्तर ओरडायचे, पोरं हसायची, हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या जिभेवरची गोंडी तुम्ही टाकली नाही, ती तिथं दाबली गेली. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही आणि आपल्याकडं तिचं शाळेत नावही निघत नाही. नेहमीच असं नव्हतं. १९४० मध्ये निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमाराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं गोंडांची स्थिती समजून घ्यायला हायमेनडॉर्फ या मानववंश शास्त्रज्ञाला पाठवलं, आणि आदिलाबाद जिल्ह्यात मार्लवाईला गोंड शिक्षक तयार करणारं केंद्र निघालं. तिथं शिकवणं गोंडीतून चालायचं. तेव्हा तुमचा किनवट तालुका त्याच जिल्ह्यात होता. अलीकडं २०१९ मध्ये गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच्या बळावर काढली. म्हणजे ही भाषा शाळेत चालत नाही असं नाही, चालू दिली जात नाही.

तुमच्या घरात काय करता येईल? तुमच्या बायकोला गोंडी चांगली येते आणि ती माहेरी फोनवर तीच बोलते, असं तुम्ही लिहिलंय. मग भाषा घरात आहेच, फक्त लेकीशी बोलताना बंद होते. ‘दोन भाषांनी पोरगी गोंधळेल, इंग्रजीत मागं पडेल’ ही भीती मनातून काढा. लेकरं दोन-तीन भाषा आरामात पेलतात, त्यानं बुद्धी कमी होत नाही की बोलणं अडत नाही. शिकवणी लावू नका, वही घालू नका. एक ठरावीक वेळ गोंडीला द्या, उदाहरणार्थ स्वयंपाकघर. तिथं मीठ मागायचं ते गोंडीत, पाणी मागायचं ते गोंडीत. तुम्ही चुकाल, बायको हसेल, लेक तुमच्याहून लवकर शिकेल आणि तिला त्याचा फार आनंद होईल. दर रविवारी आजीला फोन, आणि आजीला बजावून ठेवा की नातीशी मराठी बोलायची नाही. आजी आहे तोवरच हे जमतं, त्यामुळं हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. एक मात्र पाहा, हे सगळं बायकोच्या डोक्यावर टाकू नका. शहरात ‘संस्कृती जपा’ म्हणणारे पुरुष असतात, आणि जपायचं काम बायकांना करावं लागतं. तिलाही बजाजनगरात गोंडी बोलायला कुणी नाही, तिचं एकटेपण तुमच्याहून कमी नाही. तिला काय हवंय हे तुमच्या पूर्ण मजकुरात कुठंच आलेलं नाही. आधी तिला विचारा.

आता शाळा. मुलीला रागावू नका आणि ‘तू आपला अपमान केलास’ असं चुकूनही म्हणू नका. ती नाचली, तिला मजा आली, त्यात तिचा दोष नाही. तिच्या आनंदाला लाज चिकटवली तर ती पुढं या विषयापासूनच लांब पळेल, आणि आपण आदिवासी आहोत हे तिला कळेल ते लाजेसोबतच. तिला साधं सांगा: ‘तुम्ही ज्यांचा नाच केला ते आपणच. पण आपण असे दिसत नाही आणि असं ओरडतही नाही. चल, तुला आपला नाच दाखवतो.’ मोबाईलवर दंडारीचे व्हिडिओ आहेत, ते दाखवा. आजोबांचा फोटो दाखवा. नऊ वर्षांच्या लेकराला एवढं पुष्कळ झालं. ‘मग मॅडमला माहीत नव्हतं का?’ असं ती विचारील. ‘नव्हतं, आपण सांगू’ म्हणा. यातला ‘आपण सांगू’ तिच्यासाठी फार महत्त्वाचा आहे.

मग खरोखर सांगायला जा. वर्गशिक्षिकेला एकट्यात भेटा, पालकसभेत सगळ्यांसमोर नको. तिथं बाई बचावात जातील आणि मूळ मुद्दा राहून जाईल. बहुतेक शिक्षिकांनी तो नाच यूट्यूबवरून उचललेला असतो, मनात आकस नसतो. तक्रारीसोबत हातात काहीतरी घेऊन जा: पुढच्या गॅदरिंगला दंडारी बसवायला मदत करतो, ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाला मुलांशी बोलायला माणूस आणतो. एका पालकानं असं केलं तेव्हा शाळेनं पुढच्या वर्षी तो नाच काढून टाकला. दुसऱ्या एका शाळेत मुख्याध्यापक ‘एवढं काय मनाला लावून घेता’ म्हणाले, तिथं लेखी अर्ज द्यावा लागला. तुमच्या शाळेत काय होईल ते सांगता येत नाही. मूल त्याच बाईंच्या वर्गात आहे हे ध्यानात ठेवून सूर ठरवा. पण गप्प बसू नका, कारण त्या रात्री तुम्हाला सगळ्यांत जास्त काही लागलं असेल तर ते तुमचं टाळ्या वाजवणं.

कंपनीतल्या गोष्टीत घाई नको. मेश्राम आडनाव विदर्भात बौद्धांमध्येही भरपूर आहे, त्यामुळं लोकांचा समज होणं साहजिक आहे. बौद्ध समजले गेलात यात कमीपणा तर काहीच नाही. उलट या शहरात आंबेडकरी माणसानं नाव ताठ मानेनं सांगण्याची जागा लढून मिळवली आहे. विद्यापीठाच्या कमानीवर १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव आलं, त्यामागं किती जणांचं रक्त आहे हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. आपली संख्या इथं थोडी, दहा जमातींत विखुरलेली, आणि डोळ्यांना दिसेल अशी जागाही नाही. म्हणून माणूस दुसऱ्याच्या सावलीत उभा राहतो. सावली चांगलीच आहे, पण तिथं उभं राहून रोज थोडं थोडं गप्प राहावं लागतं, आणि त्या गप्प राहण्याचा थकवा साचत जातो. रिकामपणी आरक्षणावरून शेरे सुरू झाले की तुम्ही चहाचा कप घेऊन बाहेर जाता, असं लिहिलंय. तो थकवा हाच.

यावर जाहीर घोषणा हा उपाय नाही. ज्याच्याशी डबा वाटून खाता त्या एकाला सांगा. ‘मी गोंड आहे, किनवटचा’ एवढंच, समजावत बसू नका. तुम्ही कायम नोकरीत आहात म्हणून हे सांगते. कंत्राटी कामगाराला किंवा घरमालकाच्या मर्जीवर राहणाऱ्याला मी असं सरसकट सांगत नाही. ‘तुमच्याकडं पाहुणे फार येतात’ असं कारण देऊन घर रिकामं करायला लावलेली आदिवासी कुटुंबं मी पाहिली आहेत. अशा ठिकाणी गप्प राहणं हा भित्रेपणा नसतो, ते पोटासाठी असतं. दोष घर नाकारणाऱ्याचा असतो. बाहेरून झालेली इजा आपण आपल्या स्वभावाचा दोष म्हणून अंगावर घेतो, आणि माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तिथंच असतं.

९ ऑगस्टच्या मिरवणुकीत तुम्ही कडेला उभे राहिलात, आत गेला नाहीत, कारण कुणी ओळखीचं नव्हतं. पुढच्या वेळी ओळख आधी करून ठेवा. वसतिगृहातली किनवट-माहूरची पोरं या शहरात आहेत. त्यांना वाळूजच्या कंपन्यांत अॅप्रेंटिस कसं लागायचं, बायोडेटा कसा लिहायचा, आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात जायचं, हे सांगणारं मोठं माणूस नसतं. तुम्हाला हे सगळं येतं. महिन्यातला एक रविवार दोन-चार पोरांना घरी जेवायला बोलवा. घरात गोंडी आपोआप घुमेल, तुमच्या बायकोला आपल्या भाषेतलं माणूस भेटेल, आणि मघाशी म्हटलं तसं एक काम तुमच्या नावावर लागेल.

शेवटचा प्रश्न, आजार आहे का? तुमच्या लिहिण्यावरून मी नाव देणार नाही, कुणीच देऊ नये. पहाटे तीनला जाग येणं, चिडचिड, जेवणावरची वासना कमी होणं हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल, कशातच मन लागत नसेल, दारू वाढली असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाला भेटा. सरकारी दवाखान्यात ही सोय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगू नये असं मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच वेळी फोन करायचा आणि घरात सांगायचं. तुमची पाळी दर आठवड्याला बदलते, तिचाही झोपेवर परिणाम असणारच. सोबत रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, आणि आधी केली नसेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी. आपल्या भागातल्या गोंड-परधान समाजात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. नुसत्या वाहकाला सहसा त्रास नसतो, पण लेकीच्या पुढच्या आयुष्यासाठी तिचीही करून ठेवा. थकवा मनाचा म्हणून सोडून दिला आणि रक्तात निघाला, असं होतं.

औषध लागलं तर घ्या, त्यानं केसलापूरला जाण्याचं महत्त्व कमी होत नाही. आणि केसलापूरला जायचं आहे म्हणून औषध टाळूही नका. जत्रेला पाय लागले की सगळं एका दिवसात बरं होईल असंही धरू नका. पहिल्यांदा गेल्यावर वडिलांची आठवण येऊन आणखी जड वाटू शकतं, त्याला घाबरायचं कारण नाही. लेक तिथं कंटाळली, मोबाईल मागू लागली, तरी चालेल. तिला चुलत भावंडांत सोडून द्या. काकांशी बोलणं झालं, रजा मिळाली किंवा अडली, तर इथंच लिहा. रजा अडली तर ती कशी मागायची यावरही बोलू.